हेलन केलर आणि तिचे चार पायांचे सोबती



दरवर्षी पहिल्या सत्रात चौथीच्या वर्गाला मी 'माझा आवडता प्राणी' हा निबंध देते, आणि दरवर्षी निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये मला एकच कुत्रा भेटतो. त्याला चार पाय असतात, दोन डोळे असतात, शेपूट वाकडं असतं आणि तो फार इमानी असतो. तुमच्याकडेही तोच येत असणार! मुलांचा दोष नाही हो. तो गाइडमधला कुत्रा आहे. त्याला ना नाव, ना वास, ना खोड.

यंदा मात्र एका मुलानं निबंध लिहायचा सोडून मलाच प्रश्न विचारला. त्याच्या घरामागच्या गोठ्यात कुत्रीनं पिल्लं घातली होती. त्यातलं एक त्याला पाळायचं होतं आणि आई नको म्हणत होती. पिल्लू निवडायचं कसं आणि आणल्यावर त्याला शिकवायचं कसं, हे बाईंनी सांगावं अशी त्याची अपेक्षा. मी काही कुत्र्यांची डॉक्टर नाही. मी त्याला एक गोष्ट सांगितली, ती हेलन केलरची. दोन तासिका लागल्या. तीच इथे तुमच्यासाठी लिहिते आहे. घरी सांगणार असाल तर झोपायच्या आधीच्या दोन रात्री पुरतील.

हेलन आपल्या सगळ्यांना माहीत असते ती पाण्याच्या पंपापाशी. तळहातावर पाणी पडतं, बाई अक्षरं लिहितात, मुलीला शब्द कळतो आणि आपला धडा संपतो. पण ही बाई ८७ वर्षं जगली, आणि त्या आयुष्याच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर एखादं कुत्रं बसलेलं आहे. त्यांच्या मागोमाग चालत गेलं, की पुतळ्यातली हेलन जाते आणि हाडामांसाची हेलन दिसू लागते.

बेल

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कम्बिया या लहान गावातला. वडील आर्थर केलर यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले कॅप्टन. पुढे गावातल्या एका वर्तमानपत्राचे संपादक झाले. त्यांना शिकारीचा भारी नाद. घरच्या माणसांच्या खालोखाल जीव कुणावर, तर बंदुकीवर आणि कुत्र्यांवर. आईचं नाव केट. हेलन एकोणीस महिन्यांची असताना तिला जबर ताप आला. ताप उतरला, घरच्यांनी देवाचे आभार मानले, आणि मग हळूहळू लक्षात आलं, की पोरीचे डोळे आणि कान दोन्ही गेले आहेत.

पुढची पाच वर्षं कशी गेली असतील, ते आपण आईबापांनी जरा डोळे मिटून बघावं. मुलगी हुशार होती, हीच तर अडचण! तिनं स्वतःच्या खुणा बनवल्या होत्या. पाव हवा असेल तर कापायची आणि लोणी लावायची नक्कल. आइस्क्रीम हवं असेल तर यंत्र फिरवायची नक्कल आणि मग अंगावर काटा आल्यासारखं थरथरणं. खुणा संपल्या, की आरडाओरडा, लाथा, आदळआपट. तिच्या खुणा समजणारी एक मुलगी होती, स्वयंपाकीणबाईंची लेक मार्था. आणि दुसरी सोबतीण म्हणजे बेल.

बेल ही सेटर जातीची शिकारी कुत्री, म्हातारी झालेली. तिला आता एकच काम आवडायचं, शेगडीजवळ पडून राहणं. हेलननं ठरवलं, की हिला आपली खुणांची भाषा शिकवायची. रोज शिकवणी सुरू. बेलचं लक्ष नसायचं. मध्येच कधीतरी तिचं अंग शहारायचं आणि मग ती ताठ, दगडासारखी स्तब्ध व्हायची. हेलनच्या हाताला एवढंच कळायचं, की आपण सांगतोय ते ही करत नाही. मग चिडून ठोसे. मार खाऊन बेल उठायची, आळस द्यायची, नाक फेंदारायची आणि शेगडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन पुन्हा आडवी व्हायची. आणि मास्तरीणबाई हिरमुसून मार्थाला शोधायला निघायच्या.

इथे वर्गात थांबा. मुलांना विचारा, की बेल ताठ का व्हायची? सेटर कुत्र्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकाच कामासाठी वाढवलेलं असतं. पक्ष्याचा वास लागला, की जागच्या जागी थबकायचं आणि शिकाऱ्याला दिशा दाखवायची. म्हणजे हेलन जिला मठ्ठ समजून मारत होती, ती कुत्री त्या क्षणी तिच्या आयुष्यातलं सगळ्यात हुशारीचं काम करत होती! हेलनला हे कळणार कसं? पक्षी तिला दिसत नव्हता, ऐकू येत नव्हता. पुढे मोठेपणी, आत्मचरित्र लिहिताना, तिनं हा सगळा प्रकार स्वतःवर हसत लिहून ठेवला आहे.

मला स्वतःला ही गोष्ट वाचताना हसू कमी येतं. वर्गात फळ्याकडे न बघता खिडकीबाहेर ताठ बघत बसलेली किती पोरं मी आजवर मठ्ठ ठरवली असतील, कोण जाणे.

३ मार्च १८८७ ला या घरात ॲन सुलिव्हन आल्या. वय वर्षं वीस. बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत शिकलेल्या, स्वतःची नजर अधू. त्यांचं बालपण ट्यूक्सबरीच्या अनाथ-अपंगांच्या सरकारी आश्रमात गेलेलं. तिथंच त्यांचा धाकटा भाऊ गेला. हा आश्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या काही दिवसांतच जेवणाच्या टेबलावर मोठं रणकंदन झालं. हेलनला सगळ्यांच्या ताटात हात घालून खायची सवय होती आणि घरचे दयेपोटी खाऊ देत होते. बाईंनी ते चालू दिलं नाही. मग मुलीला घेऊन त्या बागेतल्या छोट्या घरात वेगळ्या राहिल्या, म्हणजे लाड करणारं कुणी मध्ये येणार नाही. त्याच दिवसांत एकदा कॅप्टन केलर बेलला घेऊन तिथे आले. बघू तरी, पोर आपल्या जुन्या सोबतिणीला ओळखते का. हेलन बाहुलीला अंघोळ घालत होती. बेल काही पुढे होईना. मागचे ठोसे ती विसरली नसावी! ती गुपचूप खिडकीपाशी अंग चोरून बसली. पण अर्ध्या मिनिटात हेलननं हवा हुंगली, बाहुली पाण्यात टाकली आणि चाचपडत, अडखळत थेट बेलपाशी पोचली. तिच्या गळ्यात पडली. मग शेजारी बसून तिच्या पंजाच्या नख्यांशी काहीतरी खटाटोप करू लागली. कुणालाच उमगेना. मग हेलननं स्वतःच्या बोटांनी खुणा केल्या, तेव्हा उलगडा झाला. बाईंनी पहिल्या दिवसापासून तिच्या हातावर बाहुलीचा जो शब्द लिहिला होता, तो ती बेलच्या पंजावर लिहू बघत होती.

ही तारीख बघा. पंपापाशी पाण्याचा शब्द कळला तो ५ एप्रिलला. बेलची ही शिकवणी त्याच्या आधीची, मार्चमधली. म्हणजे शब्दाला अर्थ असतो हे हेलनला अजून ठाऊकच नव्हतं. तिच्यासाठी तो बोटांचा खेळ होता. तरी तिनं तो स्वतःजवळ ठेवला नाही, मिळाल्याबरोबर दुसऱ्याला द्यायला निघाली. आणि या वेळी ठोसा नव्हता. पंधरवड्यात हा फरक कसा पडला? दोन आठवडे कुणीतरी तिचा हात हातात धरून, न कंटाळता, पुन्हा पुन्हा तेच लिहीत होतं. मारकुट्या विद्यार्थिनीला शिकवायची रीत अशी अंगाला लागली होती.

कुत्र्याला शिकवण्याचं म्हणाल, तर आजचे जाणकारही हेच सांगतात. धडा पाच-दहा मिनिटांचा, रोजचा, एकाच शब्दाचा. जमलं की लगेच शाबासकी नि तोंडात तुकडा. नाही जमलं तर थांबायचं. मारलेल्या कुत्र्याला एवढंच कळतं, की हा हात जवळ आला की पळायचं. बेल कुठे जाऊन बसली होती? खिडकीपाशी.

लायनेस

हेलनचं नाव लवकरच देशभर झालं. पेनसिल्वेनिया राज्यात विल्यम वेड नावाचे एक सधन गृहस्थ होते. बहिऱ्या-अंध मुलांविषयी त्यांना कळवळा आणि मॅस्टिफ जातीच्या कुत्र्यांचा शौक. त्यांनी हेलनला एक मॅस्टिफ कुत्री भेट दिली. सिंहिणीसारखी धिप्पाड, म्हणून नाव लायनेस. मॅस्टिफ म्हणजे किती मोठं? पूर्ण वाढलेलं कुत्रं माणसाच्या वजनाचं असतं. पण स्वभावानं बहुतेकदा शांत. अंध मुलीला असं कुत्रं का दिलं, हे मुलांना विचारून बघा. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं उत्तर मला पटलं. तिचं म्हणणं असं, की एवढ्या मोठ्या कुत्र्याला चाचपडून शोधावं लागत नाही, हात पुढे केला की ते असतंच.

हेलन शिक्षणासाठी बॉस्टनला असताना एक दिवस गावाकडून बातमी आली. टस्कम्बियातल्या एका पोलिसानं लायनेसला गोळी घालून मारलं होतं.

हेलन तेव्हा दहा-साडेदहा वर्षांची. ती खूप रडली असणारच. पण तिनं त्या पोलिसाबद्दल जे म्हटलं, ते असं होतं, की लायनेस किती गुणाची होती हे त्याला माहीत असतं, तर त्यानं तसं केलंच नसतं. दहा वर्षांच्या पोरीचं मन बघा.

वेडसाहेबांनी ही हकीकत छापून आणली आणि पत्रांचा पाऊस पडला. अमेरिकेतून, कॅनडातून, थेट इंग्लंडमधून कुत्र्यांवर प्रेम करणारे लोक हेलनला नवं कुत्रं घेऊन देण्यासाठी पैसे पाठवायला तयार झाले. कुणीही मूल असतं तर काय केलं असतं? माझ्या वर्गात मी हा प्रश्न विचारते तेव्हा सगळे हात वर येतात: नवं कुत्रं घेतलं असतं!

याच सुमारास हेलनला टॉमी स्ट्रिंगर या मुलाची माहिती कळली होती. पाच वर्षांचाही नसलेला, आजारानं आंधळा आणि बहिरा झालेला, आई वारलेली, वडिलांना सांभाळायला जमत नव्हतं. पेनसिल्वेनियातल्या एका इस्पितळात तो पडून होता आणि तिथून त्याची रवानगी सरकारी अनाथ-आश्रमातच व्हायची होती. बॉस्टनच्या अंध बालवाडीत त्याला आणता आलं असतं, पण खर्च कोण करणार? हेलननं पैसे पाठवणाऱ्यांना एकेक पत्र लिहिलं. मला कुत्रं नको. तेच पैसे टॉमीच्या शिक्षणाला द्या.

१८९१ च्या एप्रिलमध्ये टॉमी बॉस्टनला आला. सुरुवातीचे काही दिवस त्याचं बघायला खुद्द सुलिव्हनबाई होत्या. मघाशी मी ट्यूक्सबरीचा आश्रम लक्षात ठेवायला सांगितला होता ना? टॉमी ज्या दाराशी उभा होता, त्या दाराच्या आत बाईंचं बालपण गेलं होतं. हेलनला बाईंनी त्यांचा तो भूतकाळ तेव्हा सांगितला नव्हता; तो त्यांनी कितीतरी वर्षं मनातच ठेवला. म्हणजे हेलननं जे केलं, ते बाईंना बरं वाटावं म्हणून नव्हतं. पण त्या दिवशी बाईंच्या मनात काय झालं असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. टॉमी पुढे शाळेत शिकला, सुतारकामात त्याचा हात चांगला बसला.

पालकांनी एक गोष्ट इथे जरूर लक्षात घ्यावी. कुत्रं गेलं, की आपण मुलाचं रडं थांबावं म्हणून चार दिवसांत दुसरं आणतो. हेलनच्या आसपासच्या माणसांनी तिला घाई केली नाही. कुत्रं गेल्याचं दुःख तिचं तिला करू दिलं, आणि त्यातून काय करायचं ते तिचं तिनं ठरवलं.

फिझ

मधली वर्षं भरभर सांगते. शाळा, परीक्षा, ब्रेल, टंकलेखन यंत्र. १९०० मध्ये हेलन रॅडक्लिफ कॉलेजात दाखल झाली. वर्गात सुलिव्हनबाई शेजारी बसून व्याख्यान तिच्या हातावर लिहायच्या. स्वतःचे दुखरे डोळे पुस्तकांत घालून घालून त्यांची नजर आणखी बिघडली. १९०४ मध्ये हेलन विशेष गुणवत्तेसह पदवीधर झाली. आपल्याला हे माहीत असतं. या धामधुमीत एक कुत्रं आलं, हे माहीत नसतं.

वर्गमैत्रिणींनी एक दिवस हेलनला बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनला नेलं. कुठे, कशाला, काही सांगेनात. मजेदार मंडळींना भेटायचंय एवढंच. ती मंडळी म्हणजे बॉस्टन टेरिअर जातीचे कुत्रे निघाले! हेलननं सगळ्यांना कुरवाळलं, पण त्यातला एकजण येऊन तिला बिलगला तो हलेचना. रूपानं काही खास नव्हता, शेपूट वाकडं. नाव मात्र सर थॉमस बेल्व्हेडिअर. मैत्रिणींनी तिच्या हातावर लिहून विचारलं, की हा दिला तर घेशील का? हेलन कशाला नाही म्हणतेय! फक्त तिला पदव्यांचं, किताबांचं वेड नव्हतं. तिनं त्याचं नाव फिझ ठेवलं. इंग्रजी बोलीत त्याचा अर्थ चेहरा. आपण लाडानं 'थोबडू' म्हणावं तसं. तिच्याबरोबरचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे, मुलांना जरूर दाखवा.

निवडायचं कसं, हा आमच्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न होता. हेलनला रंग दिसत नव्हता, जातीची ऐट दिसत नव्हती. आपण नेमकं तेच बघून पिल्लू उचलतो! तिनं तिथे बसून सगळ्यांना हात लावला आणि कोण जवळ राहतं ते बघितलं. तुम्हीही तेच करा. पिल्लांमध्ये जाऊन जमिनीवर बसा, अर्धा तास बसा. धावून येऊन चावे घेणारं दांडगं पिल्लू आणि कोपऱ्यातून हलायलाच तयार नसलेलं भित्रं पिल्लू, दोन्ही लहान मुलांच्या घरात जड जातात. हुंगून, विचार करून जवळ येणारं आणि उचललं तरी घाबरून न कोकलणारं पिल्लू बरं. त्याची आई बघायला मिळाली तर तिचा स्वभाव बघा. आणि हे सगळं पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर. त्याच्या आत आईपासून तोडलं, तर चावायचं किती आणि खेळायचं किती, हे भावंडांकडून शिकायचं राहून जातं. मग ते शिक्षण आपल्या मुलांच्या पोटऱ्यांवर होतं.

पैशानं कुत्रं विकत घ्या असं माझं अजिबात म्हणणं नाही. आपलं गावठी पिल्लू आपल्या हवेला सोसतं, आपलं अन्न पचवतं. फ्लॅटमध्ये, नागपूरच्या उन्हाळ्यात, थंड देशातलं केसाळ कुत्रं आणून त्याचे हाल करणारे लोक बघितले, की वाटतं, यांनीही डोळे मिटून निवडायला हवं होतं.

कॉलेजनंतर हेलन आणि बाई रेंथम गावी घर घेऊन राहिल्या, आणि मग तिथे कुत्रे येतच राहिले. सीगलिंडे नावाची ग्रेट डेन तिची विशेष लाडकी. हेलनला कुत्रे ओळखू यायचे ते वासावरून, जमिनीतून पायाला लागणाऱ्या पावलांच्या हादऱ्यांवरून आणि शेपटीवरून. ती एकटी असली, की कुत्रे तिच्याजवळून हलत नसत. आपलं काय अडतं ते यांना समजतं, असा तिचा अनुभव होता.

एक गैरसमज मात्र दूर करा, कारण मुलं तो हमखास करतात. हेलनचे कुत्रे वाट दाखवणारे कुत्रे नव्हते. अंधांसाठी वाटाड्या कुत्रे तयार करणारी 'द सीइंग आय' ही अमेरिकेतली पहिली संस्था १९२९ मध्ये सुरू झाली, तेव्हा हेलन पन्नाशीला आली होती. शिवाय त्या कामात कुत्रा रस्ता ठरवत नाही, माणूस ठरवतो. चौकातल्या गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते माणूस सांगतो. कुत्रा अडथळे चुकवतो आणि धोका दिसला तर हुकूम मोडून जागीच थांबतो. हेलनला आवाजही नव्हता. तिचे कुत्रे नुसते सोबतीला होते. नुसते म्हणजे काय, तेच तर तिला हवं होतं.

कामिकाझे

२० ऑक्टोबर १९३६ ला सुलिव्हनबाई गेल्या. ४९ वर्षांची सोबत. जो हात हेलनसाठी डोळे आणि कान होता, तो थंड झाला. पुढच्या वसंतात हेलन आणि तिच्या दुसऱ्या सहायक पॉली थॉमसन जपानला निघाल्या. ताकेओ इवाहाशी या अंध जपानी कार्यकर्त्यानं दिलेलं आमंत्रण बाईंच्या हयातीतलंच होतं, आणि हेलननं जावं अशी बाईंची इच्छा होती.

जपानमध्ये तिनं गावोगाव भाषणं दिली. अकिता प्रांतात तिला हाचिकोची गोष्ट कळली. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर रोज मालकाची वाट बघणारं अकिता जातीचं कुत्रं. मालक, प्राध्यापक उएनो, १९२५ मध्ये अचानक वारले. हाचिको त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं, १९३५ च्या मार्चमध्ये मरेपर्यंत, त्याच स्टेशनवर येत राहिला. आठ महिन्यांपूर्वी आपलं माणूस गमावलेल्या हेलनच्या हातावर ही गोष्ट लिहिली गेली. असं कुत्रं आपल्याला मिळालं तर, असं तिनं बोलून दाखवलं. अकिताच्या पोलीस खात्यातले इचिरो ओगासावारा यांनी आपल्याकडचं पिल्लू तिला देऊन टाकलं. अडीच महिन्यांचं. लहानपणी तिचं कुत्रं एका पोलिसाच्या गोळीनं गेलं होतं आणि आता एका पोलिसानंच तिच्या ओंजळीत पिल्लू ठेवलं, हा योगायोग माझ्या लक्षात आला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले.

त्याचं नाव कामिकाझे-गो. अर्थ दैवी वारा. (युद्धात या शब्दाला जो भयंकर अर्थ चिकटला, तो नंतरचा.) अकिता कुत्रं अमेरिकेत नेणारी पहिली व्यक्ती म्हणून हेलनचंच नाव घेतलं जातं.

पिल्लू अमेरिकेला पोचलं, घरात रुळलं, हेलनच्या पायांशी वावरू लागलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्टेंपरनं मेलं. वय जेमतेम सात-साडेसात महिने.

डिस्टेंपर हा विषाणूचा आजार. ताप, नाक-डोळ्यांतून पू, खोकला, जुलाब, आणि मेंदूत शिरला की झटके. तेव्हा आजच्यासारखी सोपी लस सर्रास मिळत नव्हती. आज मिळते. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर आणि मग दरवर्षी. जगभर प्रसिद्ध असलेल्या बाईच्या घरातलं, एका देशानं कौतुकानं दिलेलं कुत्रं या आजारातून वाचलं नाही, आणि आपण थोड्या पैशांसाठी पुढच्या महिन्यावर ढकलतो! माझ्या वर्गातल्या मुलांनी ही गोष्ट ऐकताना सगळ्यात जास्त वेळ शांत बसून घेतलं ते इथे.

जपानमध्ये हे कळल्यावर दुसरं महायुद्ध पेटायच्या आधी कामिकाझेचा भाऊ केन्झान-गो हेलनकडे रवाना झाला. हा मात्र जगला आणि कनेटिकटमधल्या तिच्या घरी तिच्याबरोबर राहिला. घरी त्याला गो-गो म्हणत. इकडे दोन्ही देश एकमेकांवर बॉम्ब टाकत होते. जपानमध्ये खायला अन्न नव्हतं, कुत्र्यांची कातडी सैन्याच्या कपड्यांसाठी जात होती, अकिता जात जवळजवळ संपत आली होती. आणि एक अकिता शत्रूच्या देशात एका बहिऱ्या-अंध बाईच्या अंगणात फिरत होता. १९४८ मध्ये हेलन पुन्हा जपानला गेली. हिरोशिमा आणि नागासाकीलाही गेली, भाजलेल्या माणसांचे चेहरे तिनं बोटांनी पाहिले.

१९५५ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, ती आपल्या भारतातही येऊन गेली. मुंबईत बहिऱ्या-अंध मुलांसाठी १९७७ मध्ये सुरू झालेली संस्था तिच्याच नावाची आहे. १ जून १९६८ ला, झोपेतच, कनेटिकटच्या घरी तिचं निधन झालं.

गोष्ट संपल्यावर मुलांनी प्रश्न विचारले. सगळ्यात जास्त प्रश्न हेलनबद्दल नव्हते, बेलबद्दल होते. बेलला तो शब्द शेवटी आला का? मी सांगितलं, की नाही आला. मग एकजण म्हणाला, की पण ती तिथून पळूनही गेली नाही ना. मला हे सुचलं नव्हतं.

निबंध मी त्या आठवड्यात घेतलाच नाही. घरी किंवा गल्लीतल्या एका कुत्र्याजवळ रोज दहा मिनिटं बसायचं (हात लावायच्या आधी मोठ्या माणसाला विचारून), डोळे मिटायचे आणि काय काय कळतं ते लिहायचं, असा गृहपाठ दिला. वह्या आल्या. ओल्या पोत्याचा वास, गरम कान, छातीतली धडधड, फरशीवर नखांची टकटक. चार पाय नि दोन डोळे फक्त तीन वह्यांत होते.

आणि तो मुलगा? त्याच्या आईला मी शाळेत बोलावून घेतलं. त्यांची भीती खरी होती. घरात धाकटं बाळ, आणि कुत्र्याचं सगळं शेवटी त्यांच्याच गळ्यात पडणार. आम्ही तिघांनी बसून ठरवलं, की पिल्लू आणखी पाच आठवडे आईजवळच राहील, आणि तोवर त्याचं पाणी आणि भाकरी रोज वेळेवर नेऊन द्यायचं काम मुलाचं. एक दिवस चुकला तर विषय बंद. तो एकही दिवस चुकला नाही. गेल्या सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी तो माझ्या टेबलापाशी आला आणि कंपासपेटी उघडून दाखवली. आत चार घड्या घातलेलं लसीचं कार्ड होतं. नावाच्या जागी त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: बेल.